डिफ्रॅगमेंट करताना फाइली कुठे ठेवाव्यात: एका संग्रह-संगणकाचे प्रकरण

या प्रकरणातील संगणक एका ध्वनिमुद्रण-संग्रहाच्या कामासाठी वापरला जातो. जुनी ध्वनिमुद्रणे संगणकात उतरवून घेणे, त्यांच्यासोबत आलेल्या हस्तलिखित कागदांची पाने स्कॅन करणे आणि या दोन्हींची नोंद एका सूची-डेटाबेसमध्ये करणे एवढेच काम त्यावर चालते. संगणकात ५०० जीबीची, मिनिटाला ७२०० फेरे फिरणारी एकच हार्ड डिस्क आहे. विंडोज ७ तिची क्षमता ४६५ जीबी अशी दाखवते. डिस्कवर एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-पद्धतीचा एकच भाग आहे आणि त्याचा क्लस्टर, म्हणजे फाइलींना जागा देण्याचे सर्वांत लहान एकक, नेहमीचाच ४ केबीचा आहे. ध्वनिमुद्रणांनी ३६० जीबी, स्कॅन केलेल्या पानांच्या सुमारे २ लाख फाइलींनी २० जीबी, विंडोज व इतर प्रोग्रामांनी ३९ जीबी आणि सूचीच्या एकाच फाइलीने ६०० एमबी जागा व्यापलेली आहे. म्हणजे डिस्क जवळजवळ ९० टक्के भरलेली आहे.

तक्रारी तीन होत्या. सूची उघडायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत असे, पानांचे फोल्डर उघडले की चित्रे एकेक करून सावकाश उमटत असत आणि संगणक सुरू होण्याचा वेळ महिन्यागणिक वाढत चालला होता. ध्वनिमुद्रणे ऐकताना मात्र कधीही अडथळा येत नव्हता. ही चौथी गोष्ट तक्रार नसल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, पण माझ्या मते प्रकरणाची किल्ली तिच्यातच होती.

पहिला उपाय म्हणून एका डिफ्रॅगमेंट प्रोग्रामने, म्हणजे डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या फाइली जोडून पुन्हा मांडणाऱ्या प्रोग्रामने, संपूर्ण डिस्क नावानुसार लावून घेण्यात आली. प्रत्येक फाइल एकसंध, सगळ्या फाइली फोल्डरच्या व नावाच्या क्रमाने डिस्कच्या सुरुवातीपासून एकमेकींना चिकटून आणि सगळी रिकामी जागा शेवटी, अशी ही रचना होती. त्यासाठी दोन रात्री गेल्या. प्रोग्रामने दाखवलेल्या डिस्कच्या नकाशावर तुटलेल्या फाइलीचा एकही लाल ठिपका उरला नाही आणि तिन्ही तक्रारी मिटल्यासारख्या वाटल्या. दोन महिन्यांत सूची पुन्हा रेंगाळू लागली, संगणकही पुन्हा उशिरा सुरू होऊ लागला. पानांची फोल्डरे मात्र अजूनही चटकन उघडत होती. एकाच मांडणीने एका प्रकारच्या फाइलींना टिकाऊ लाभ दिला आणि दुसऱ्या प्रकारच्या फाइलींचा लाभ दोन महिन्यांत संपला, हे का घडले याचा शोध घेणे हा या अभ्यासाचा विषय आहे.

वेळ नेमका कुठे जातो

मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात आणि हवा तो सेक्टर, म्हणजे तबकडीवरील माहितीचा छोटा भाग, हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी त्याच्या निम्मा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद वेळ थांबावे लागते. त्यापूर्वी हेड तबकडीवरील योग्य वर्तुळाकार मार्गिकेवर न्यावे लागते. घरगुती संगणकाच्या डिस्कसाठी हा वेळ सरासरी ९ मिलिसेकंद धरला, तर दूरच्या ठिकाणी केलेल्या प्रत्येक उडीची किंमत सुमारे १३ मिलिसेकंद होते. सलग वाचनाचा वेग सेकंदाला १०० एमबी धरला, तर तेवढ्या वेळात १.३ एमबी माहिती वाचून झाली असती. पुढची सगळी आकडेमोड या दोन आकड्यांवर आधारलेली आहे. ती घड्याळ लावून केलेली मोजणी नाही, पण कोणत्या फाइलीचे काय बिघडले आहे हे ओळखायला ती पुरेशी आहे.

ध्वनिमुद्रणाची एक फाइल २ जीबीची आणि ३० तुकड्यांत विखुरलेली आहे असे समजू. ती अथपासून इतिपर्यंत वाचायला २० सेकंद लागतात आणि ३० उड्यांचे मिळून ०.४ सेकंद होतात, म्हणजे नुकसान जेमतेम २ टक्के. प्रत्यक्षात ती इतक्या वेगाने वाचली जातही नाही. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ ध्वनीला सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन चॅनेल आणि प्रत्येक नमुन्याला दोन बाइट या हिशेबाने १,७६,४०० बाइट लागतात, आणि २ जीबीचे मुद्रण तीन तासांहून जास्त चालते. तीन तासांत ३० उड्या ऐकणाऱ्याला कळणे शक्यच नाही. विंडोज व्हिस्टापासून अंगभूत डिफ्रॅगमेंटर ६४ एमबी किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांना हातच लावत नाही, ते याच हिशेबाने. तेवढा तुकडा वाचायला ६४० मिलिसेकंद लागत असताना १३ मिलिसेकंद वाचवण्यासाठी तो हलवण्यात अर्थ नाही.

सूचीची गोष्ट अगदी उलट आहे. सूचीचा प्रोग्राम जागा अपुरी पडली की आपली फाइल दर वेळी २५६ केबीने वाढवतो. डिस्क भरत आलेली असल्यामुळे फाइलीच्या लगतचा क्लस्टर मोकळा सापडण्याची शक्यता फार कमी असते आणि बहुतेक वाढ नव्या ठिकाणी जाऊन पडते. अशा रीतीने ६०० एमबीची फाइल जवळजवळ २,४०० तुकड्यांत विभागली गेली होती. २,४०० उड्यांचे ३१ सेकंद होतात, तर तीच फाइल एकसंध असती तर ६ सेकंदांत वाचून झाली असती. शिवाय एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलीची नोंद एमएफटी या मुख्य तक्त्यात १ केबीच्या चौकटीत असते आणि तुकड्यांची यादी त्या चौकटीत मावेनाशी झाली की एकाच फाइलीसाठी आणखी चौकटी वापराव्या लागतात. म्हणजे फाइल वाचण्याआधी तिचे तुकडे कुठे आहेत हे वाचण्यासाठीही अधिक हिंडावे लागते.

पानांच्या फाइलींचे दुखणे तिसऱ्याच प्रकारचे होते. त्यांतील प्रत्येक फाइल सरासरी १०० केबीची आणि बहुतेक एकसंधच होती. तुकडे मोजणाऱ्या अहवालात त्यांच्या नावे दोष जवळजवळ नव्हताच. तरीही ३०० पानांचे फोल्डर उघडताना, ती पाने डिस्कभर विखुरलेली असतील तर, ३०० उड्यांसाठी ३.९ सेकंद लागतात, आणि तीच पाने क्रमाने शेजारी शेजारी असतील तर ३० एमबी वाचायला ०.३ सेकंद पुरतात. फाइल तुटलेली नसतानाही तिच्या सोबतच्या फाइली दूर असल्यामुळे काम मंदावू शकते. डिफ्रॅगमेंट या शब्दामुळे आपले सगळे लक्ष तुकडे जोडण्याकडे जाते आणि हा दुसरा, तितकाच मोठा खर्च नजरेआड राहतो. तुकडे जोडणे आणि फाइलींना जागा नेमून देणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि त्यांची उत्तरे प्रत्येक फाइलीसाठी वेगवेगळी येऊ शकतात.

नावाने लावलेली मांडणी का टिकली नाही

नावानुसार लावल्यामुळे एका फोल्डरमधील पाने खरोखरच शेजारी आली, आणि स्कॅन केलेले पान पुन्हा कधी बदलत नसल्यामुळे ती तिथेच राहिली. या फाइलींसाठी हीच मांडणी सर्वोत्तम होती, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

सूचीसाठी मात्र तीच मांडणी सर्वांत वाईट ठरली. नावाच्या क्रमात सूचीची फाइल मध्येच कुठेतरी बसली आणि तिच्या शेवटच्या क्लस्टरला चिकटून लगेच दुसरी फाइल आली. दुसऱ्याच दिवशी सूची वाढली तेव्हा मोकळी जागा फक्त ४१९ जीबींच्या पलीकडे, डिस्कच्या शेवटी होती. रोज साधारण २ एमबी वाढ धरली, तर दिवसाला आठ तुकडे आणि कामाच्या पन्नास दिवसांत ४०० तुकडे होतात, त्यांच्या ५.२ सेकंदांमुळे वाचनाचा वेळ ६ वरून ११ सेकंदांवर जातो. त्याहून वाईट म्हणजे सर्वांत नव्या नोंदी, ज्या रोज चाळल्या जातात, त्याच मूळ फाइलीपासून सर्वांत दूर जाऊन पडल्या. फाइली जितक्या घट्ट रचाव्यात तितकी वाढणाऱ्या फाइलीची पुढची उडी लांब होते. सुंदर नकाशाची ही किंमत नकाशावर कधीच दिसत नाही.

संगणक उशिरा सुरू होण्याचे कारणही असेच निघाले. विंडोज एक्सपीपासून विंडोज सुरू होताना व प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइली कोणत्या क्रमाने वाचल्या जातात याची नोंद प्रीफेच फोल्डरमध्ये ठेवते, लेआउट.आयएनआय या फाइलीत त्यांची यादी करते आणि संगणक मोकळा असताना त्या फाइली त्या क्रमाने एका सलग पट्ट्यात मांडते. नावाच्या क्रमाने ही मांडणी मोडून टाकली होती, आणि पुढे डिस्कच्या पुढच्या भागात सलग जागाच शिल्लक नसल्यामुळे विंडोजला आपला पट्टा पुन्हा नीट बांधता येत नव्हता. दरम्यान अद्ययावत झालेल्या प्रणालीच्या फाइली मात्र शेवटच्या मोकळ्या जागेत जमत गेल्या.

दोन रात्रींचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. ४१९ जीबी एकदा वाचून एकदा लिहायचे, तर आदर्श वेगानेही २ तास २० मिनिटे लागतात. २ लाख लहान फाइलींच्या प्रत्येक स्थलांतराला वाचन, लेखन आणि तक्त्यातील बदल मिळून चार उड्या धरल्या, तर आणखी सुमारे २ तास ५० मिनिटे होतात. त्यात काटेकोर क्रम हवा असला की फाइल बसवण्यापूर्वी तिच्या जागी असलेल्या फाइली आधी हलवाव्या लागतात, त्यामुळे अनेक फाइली दोनदा, तीनदा फिरतात. आणि मोकळी जागा १० टक्केच असली की हे फिरणे आणखी वाढते. विंडोज एक्सपीचा डिफ्रॅगमेंटर नीट काम करण्यासाठी १५ टक्के जागा मोकळी मागत असे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. याशिवाय एक नुकसान झाले, जे पंधरा दिवसांनी कोणाच्या तरी ध्यानात आले: विंडोज मागच्या स्थितीत नेणाऱ्या सिस्टम रिस्टोरचे सगळे जुने टप्पे नाहीसे झाले होते. हे टप्पे जपणारी शॅडो कॉपी ही सोय १६ केबीच्या ठोकळ्यांत बदल टिपते. क्लस्टर त्याहून लहान असला की डिफ्रॅगमेंटमुळे नुसती जागा बदललेली माहितीही बदललेली समजली जाऊ शकते, तिच्यासाठी राखलेली जागा भरते आणि जुने टप्पे पुसले जातात.

इतर मांडण्यांचा विचार

शेवटच्या वापराच्या तारखेने फाइली लावाव्यात, म्हणजे नित्याच्या फाइली पुढे आणि विस्मृतीत गेलेल्या मागे राहतील, ही कल्पना आकर्षक आहे. पण विंडोज व्हिस्टामध्ये शेवटच्या वापराची वेळ नोंदवणे मुळातच बंद ठेवलेले होते, आणि विंडोज ७ मध्येही तसेच आहे. ज्या तारखेवर विसंबून रचना करायची ती तारीखच खरी नसेल, तर त्या रचनेला अर्थ उरत नाही. शेवटच्या बदलाची तारीख विश्वासार्ह असते आणि इथे ती उपयोगीही ठरू शकली असती, परंतु तिने एकाच फोल्डरमधील पाने स्कॅनच्या दिवसांनुसार फोडली असती.

डिस्कच्या शेवटी असलेल्या फाइली उचलून पुढच्या फटी भरत जाण्याची पद्धत वेगवान आहे, पण ती फटीत मावेल ती फाइल घेते. शेजार पाहत नाही. पानांच्या बाबतीत शेजारच महत्त्वाचा असल्यामुळे ही पद्धत बाद केली.

विभाग पाडून मांडण्याची पद्धत सर्वांत विचारपूर्वक आखलेली आहे. येरून केसेल्स यांच्या जेकेडिफ्रॅग या प्रोग्रामने ती बऱ्याच लोकांपर्यंत पोहोचवली: आधी फोल्डरांच्या नोंदी, मग सामान्य फाइली, शेवटी जागा अडवणाऱ्या मोठ्या फाइली, आणि विभागांच्या मध्ये डिस्कच्या १ टक्का मोकळी जागा. तत्त्व म्हणून हे मला पटते. अडचण अशी की ५० एमबीहून मोठी फाइल या नियमाने तिसऱ्या विभागात जाते, म्हणजे ६०० एमबीची रोज वाढणारी सूची कधीही न बदलणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या पंक्तीला जाऊन बसते. आकार हा फाइलीच्या स्वभावाचा पुरावा नव्हे. ती किती वेळा वाचली जाते, किती वेळा वाढते आणि कोणासोबत वाचली जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे फक्त संगणक वापरणाऱ्यालाच ठाऊक असतात.

डिस्कच्या सुरुवातीच्या भागाविषयीही थोडे स्पष्ट करणे आवश्यक वाटते. बाहेरच्या मार्गिकांवर जास्त सेक्टर मावतात आणि क्रमांक बाहेरून सुरू होतात, त्यामुळे सुरुवातीला सलग वाचनाचा वेग शेवटच्या भागापेक्षा दुपटीच्या जवळपास असू शकतो. म्हणून महत्त्वाची फाइल पुढे ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु १०० केबीचे पान सेकंदाला १०० एमबी वेगाने १ मिलिसेकंदात वाचले जाते. वेग निम्मा झाला तर २ मिलिसेकंद लागतील, आणि १३ मिलिसेकंदांच्या उडीपुढे हा फरक किरकोळ आहे. बाहेरच्या वेगाचा पुरेपूर लाभ घेऊ शकणाऱ्या फाइली म्हणजे ध्वनिमुद्रणे, आणि त्यांनाच त्या वेगाची गरज नाही. त्यामुळे या संगणकावर पुढची जागा तिच्या वेगापेक्षा जवळिकीसाठी मोलाची आहे: रोजच्या कामाच्या फाइली एका अरुंद पट्ट्यात आल्या की हेडला लांब जावेच लागत नाही, आणि जवळच्या मार्गिकेवर सरकायला ९ ऐवजी एक-दोन मिलिसेकंद पुरतात. एमएफटीही सहसा सुरुवातीपासून सुमारे ३ जीबीवर असतो, आणि प्रत्येक फाइल उघडताना त्याच्याकडे जावे लागते. २ लाख फाइलींसाठी त्याचा आकार २०० एमबीच्या आसपास होतो. त्यामुळे त्याच्या आसपास राहणे ही छोटी बाब नाही.

निवडलेली मांडणी

सर्वांत आधी पूर्ण झालेल्या ध्वनिमुद्रणांपैकी १४० जीबी दुसऱ्या डिस्कवर हलवली आणि डिस्क ६० टक्क्यांवर आणली. हे मांडणीचे काम वाटत नाही, पण पुढचे प्रत्येक पाऊल यावर अवलंबून होते. पेजफाइल, म्हणजे मेमरी अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल, विंडोज चालू असताना हलवता येत नाही. ती बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून, बाकीचे काम झाल्यावर किमान व कमाल आकार सारखाच ठेवून पुन्हा सुरू करायचे ठरवले, म्हणजे ती पुढे वाढत राहणार नाही.

सूचीवर सर्वांत जास्त विचार करावा लागला. तिच्यामागे मोकळी जागा सोडावी, हा पहिला विचार होता. परंतु एनटीएफएसच्या दृष्टीने मोकळी जागा कोणाच्याही नावावर नसते. सूचीसाठी सोडलेली फट दुपारपर्यंत ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइलींनी भरू शकते. म्हणून फट फाइलीच्या बाहेर न सोडता फाइलीच्या आतच निर्माण केली. डेटाबेसच्या स्वतःच्या सोयीने सूची आधी आवळून घेतली, मग तिचा आकार एकदमच १ जीबीपर्यंत वाढवला आणि वाढीची पायरी २५६ केबीवरून ६४ एमबी केली. त्यानंतर सिसइंटर्नल्सच्या कॉन्टिग या साधनाने ती एकच फाइल एकसंध करून घेतली; हे साधन संपूर्ण डिस्कला न छेडता सांगितलेल्या फाइलीपुरतेच काम करते. आतल्या ४०० एमबी मोकळ्या जागेत सध्याच्या वेगाने दोनशे दिवसांचे काम मावते, आणि ती जागा संपल्यावरही पुढच्या ६०० एमबींचे दहाच तुकडे होतील. २,४०० तुकड्यांच्या ३१ सेकंदांऐवजी ०.१३ सेकंद.

ध्वनिमुद्रणे शेवटच्या भागात, कोणत्याही क्रमाशिवाय सरकवली. त्यांचे ६४ एमबीहून मोठे तुकडे जोडण्याचा प्रयत्नही केला नाही. पानांना सूचीच्या पुढचा पट्टा दिला आणि तेवढाच पट्टा फोल्डर व नावाच्या क्रमाने लावला. विंडोजच्या फाइलींना आम्ही हात लावला नाही. पुढच्या भागात सलग जागा तयार केली आणि सुरुवातीच्या फाइलींचा पट्टा विंडोजलाच तिच्या नोंदीनुसार बांधू दिला, कारण कोणती फाइल कोणत्या क्षणी वाचली जाते हे तिच्याइतके अचूक बाहेरच्या प्रोग्रामला कळत नाही. या सगळ्यात २ लाख पाने, एक सूची आणि काही ध्वनिमुद्रणे एवढेच हलले आणि काम एका रात्रीत आटोपले.

ही सगळी चर्चा फिरत्या तबकडीपुरतीच आहे. तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये हेड नाही, उडी नाही. तिथे फाइली हलवून केवळ लेखनाची झीज होते, आणि विंडोज ८ पासून ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करण्याच्या सोयीत एसएसडीला ट्रिमची, म्हणजे कोणती जागा आता वापरात नाही हे कळवणारी, सूचना पाठवली जाते ती म्हणूनच. फिरत्या डिस्कांमध्येही ज्यांच्या मार्गिका कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्या एसएमआर प्रकारच्या डिस्कवर लहान लहान पुनर्लेखन फार महाग पडते, आणि तिथे पानांचा पट्टा पुन्हा लावण्यापूर्वी दोनदा विचार करायला हवा.

एक प्रश्न उरला होता: नवी पाने येत राहणार, मग पट्टा दर महिन्याला पुन्हा लावायचा का? त्याची गरज पडली नाही. स्कॅनरमधून येणारी पाने आता आधी दुसऱ्या डिस्कवरील तात्पुरत्या फोल्डरमध्ये साठतात, आणि एक पूर्ण संच तयार झाला की नावाच्या क्रमाने एकाच वेळी मुख्य डिस्कवर आणली जातात. मोकळी जागा सलग असेल आणि त्या वेळी दुसरे काही लिहिले जात नसेल, तर एनटीएफएस ती पाने बहुधा एकापाठोपाठ एक अशीच ठेवते.